सुईचं टोक

वाकलेली सुई टाकून द्यायची नाही, ही सरूची सवय. फरशीवर आडवी ठेवायची, खलबत्त्यातला बत्ता घेऊन दोन हलके टोले द्यायचे, डोळ्यासमोर धरून गरागरा फिरवून बघायची आणि पुन्हा कामाला लावायची. डब्यात नव्या सुयांचं अख्खं पाकीट पडलेलं असे. पण दोरा मालकाचा आणि सुई आपली, असा तो व्यवहार होता. त्यामुळे दोरा कितीही गेला तरी तिला काही वाटत नसे. सुई मात्र ती जिवापाड जपायची. मंगळवारी दुपारी जी मोडली, तीही आधी दोनदा ठोकून सरळ केलेली होती.

काम तान्ह्या बाळांच्या झबल्यांचं होतं. मऊ सुती कापड, हळदीपेक्षा थोडं फिकट. पाठीला दोन बटणं आणि गळ्यापाशी फितीचा फुगीर बो. बटणं लावायची, बो टाचायचा, लोंबणारे धागे कापायचे. एका झबल्याला दीड रुपया. चिखलीतल्या त्या गल्लीत अठरा खोल्या होत्या आणि अठराही खोल्यांत हे काम चाले.

माल आणून देणाऱ्या सुमनताई याच गल्लीच्या मालकीणही होत्या. घराणं गावातलं जुनं. सासऱ्यांच्या वेळी जिथं ज्वारी उभी असायची, तिथं आता पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा उभ्या होत्या आणि त्यांत बीड, लातूर, परभणीकडची माणसं भाड्यानं राहत होती. बायका घरी रिकाम्या बसतात, म्हणून मी त्यांना चार पैशांचा उद्योग मिळवून देते, असं सुमनताई चारचौघांत सांगत. उद्योग मिळवून देत होत्या, ते खरंच होतं. रिकामी मात्र त्या गल्लीत एकही बाई नव्हती.

सरू उंबऱ्याशी उजेडाला बसली होती. शेजारी तिची सासू भिमाबाई पाय पसरून धागे कापत होती. म्हातारीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. पण झबल्यावरून बोटं फिरवत ती लोंबता धागा बरोबर हुडकायची आणि कात्रीनं कच्चकन उडवायची. कापडाला कधी कात्री लागू दिली नाही तिनं.

बो टाचताना मध्येच फितीची दुहेरी घडी आणि गळ्याची पट्टी एकावर एक आली. सरूनं अंगठ्यानं सुई रेटली. टिक्‌ असा बारीक आवाज झाला आणि हातात नुसतं नेढ्याकडचं अर्धुक राहिलं.

"काय मोडलं गं?" म्हातारीनं विचारलं.

"सुई."

"टोक घावलं का?"

सरूनं मांडीवरचं झबलं झटकलं. फरशीवर तळहात फिरवला. मोबाईलची बॅटरी लावून उंबऱ्याच्या फटीत पाहिलं. लेक वर्षाली शाळेत गेली होती, तिच्या प्रयोगाच्या डब्यातलं लोहचुंबक आणून सगळीकडे ओढलं. एक पिन आली, थोडी माती चिकटून आली. टोक काही आलं नाही. घाईत तिनं हातातलं झबलं बाजूच्या ढिगावर टाकलं होतं आणि ढिगाला हात लागून तो कोसळला होता. आता त्या ऐंशी झबल्यांतलं नेमकं कोणतं, तेही कळायला मार्ग उरला नाही.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. मागोमाग सुमनताईंचा आवाज.

"सरू, बांधला का गठ्ठा? टेम्पो उभा हाय बाई, त्यो काय आपल्यासाठी थांबत न्हाई!"

म्हातारी म्हणाली, "सांग त्यांला."

सांगायला तोंड उघडलं तर गठ्ठा राहणार. गठ्ठा राहिला तर पुढच्या वेळी अर्धाच माल मिळणार. शेजारच्या रुक्मिणीचं मागच्या दिवाळीत तसंच झालं होतं. सरूनं पुन्हा एकदा फरशीकडे पाहिलं. पडलं असेल इथंच कुठंतरी, केर काढताना निघेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. गठ्ठा बांधून दिला. टेम्पो गेला, आणि तो वळणावर दिसेनासा होण्याआधीच तिला पस्तावा झाला.

सुईचं अर्धुक तिनं कागदात गुंडाळून पदराच्या गाठीला बांधलं.

पहिली शिफ्ट करून रोहिदास साडेचारला आला. तो चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून लागलेला होता, गाड्यांच्या सीटा जोडायच्या कामावर. दारात बूट काढत असतानाच आईनं त्याच्या कानावर घातलं.

"टोक कपड्यात गेलंय बघ. लेकराच्या मानंला लागल ते."

"जमिनीवर पडलं असंल, आई."

"आरं, आमी दोघींनी फरशी चाटायची तेवढी ठिवली. न्हाई जमिनीवर."

रोहिदासनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मग सरूकडे बघून म्हणाला, "आमच्या लाईनीवर दोरी हाय. एक बोल्ट कमी भरला तरी दोरी वडायची, सगळी लाईन थांबती. सायेब येतो, हुडकतो, मगच पुढं."

"मग?"

"मग काय? दोरी कायमच्या माणसानं वडायची. ठेकेदाराच्या माणसानं वडली की दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्डच चालत न्हाई. समदे बघून न बघितल्यावानी करत्यात." त्यानं तांब्या खाली ठेवला. "गप बस. आपल्याला कोण इचारतंय."

तो वाईट माणूस नव्हता. बायकोच्या जिवाला घोर नको म्हणूनच तो तसं बोलला. पण सरूच्या मनातून ते जाईना. सीटा जोडता जोडता ह्यानं काय काय बघून न बघितल्यासारखं केलं असेल, असंही तिला वाटून गेलं. तो विचार काही तिला आवडला नाही.

बुधवारी सकाळी रुक्मिणीच्या दारात बाळाला न्हाऊ घालत होते. तिची थोरली लेक बाळंतपणाला आली होती. दोन महिन्यांचं पोर. रुक्मिणी पाय लांब करून बसली होती आणि पोटऱ्यांवर बाळ पालथं घातलं होतं. तेलानं माखलेली एवढीशी पाठ. मानेला तीन वळ्या, त्या वळ्यांत बोट घालून ती मळ काढत होती आणि पोर ओरडून गल्ली डोक्यावर घेत होतं.

"का ओरडतंय गं एवढं?" सरूनं विचारलं.

"त्याला काय सांगता येतंय व्हय, काय दुखतंय ते? सगळ्यालाच रडायचं. भूक लागली तरी तेच, मुंगी चावली तरी तेच."

सरू हंडा घेऊन नळाकडे निघाली होती. ती नळाला गेलीच नाही. हंडा तिथंच ठेवून तडक सुमनताईंच्या घरी गेली.

सुमनताई ओसरीवर वाल सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाल सोलायचं थांबवलं नाही.

"फुडं सुई हुडकायची मिशन आस्ती गं. सगळा माल मिशनीतनं जातोय."

"तुमी बघितलीया?"

"मी कशाला बघायला जाती? आसंलच की. एवढा मोठा धंदा करत्यात ते."

"ताई, नुसतं सांगा त्यांला. ऐंशी झबली हायत, मी सोता उसवून बघते. पैसं नकोत मला."

आता मात्र सुमनताईंनी वर पाहिलं. "सरू, ऐक. मालकाला वरच्या कंपनीकडनं लेखी आलंय, घरोघरी माल द्यायचा न्हाई म्हणून. समदं मालकाच्या शेडमधीच व्हायला पायजे. तरी त्यो देतोय, तुमच्या पोटासाठी. तू जाऊन सुई सुई करशील, आन उद्या अठरा घरातलं काम जाईल. माझं काय जायाचंय? मला जागंचं भाडं येतंय." थोडं थांबून त्यांनी पुन्हा शेंग उचलली. "खोली इचारायला रोज दोघं-तिघं येत्यात बघ. मी म्हंती, माझी माणसं जुनी हायती."

आवाज मायेचा होता. सरूला मात्र त्यातलं जे कळायचं ते कळलं.

ती घरी आली. भाकरी थापल्या, भांडी घासली. आलेल्या नव्या गठ्ठ्यातली दहा झबली केली. दर झबल्यागणिक टोक आहे का, म्हणून सुई वर धरून बघत होती. अकराव्याला तिनं काम खाली ठेवलं. तिला स्वतःचाच राग आला होता. डब्यात पाकीट होतं. एका सुईपायी तिनं हे करून ठेवलं होतं आणि त्याचं खापर दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर फोडता येत नव्हतं. सुमनताईंच्याही नाही, मालकाच्याही नाही.

गुरुवारी वर्षाली शाळेला गेल्यावर सरूनं धुतलेलं पातळ नेसलं.

"कुठं चाललीस?" म्हातारीनं विचारलं.

"शेडवर."

"ठाव हाय का?"

ठाव नव्हता. सहा वर्षं त्या शेडचा माल तिच्या मांडीवरून गेला होता, पण शेड कुठं आहे, मालकाचं नाव काय, हे तिला माहीत नव्हतं. टेम्पो भंगाराच्या गोदामांकडून येतो, एवढंच माहीत. ती तिकडे चालू लागली. पत्र्याच्या भिंती, प्लॅस्टिकचे डोंगर, गॅसवेल्डिंगचा वास. दोघातिघांना विचारलं तर म्हणाले, इथं शेडच शेड आहेत बाई, नाव सांग. नाव कुठून सांगणार? उन्हानं डोकं तापलं, चपलेचा अंगठा सुटला. शेवटी एका गटाराच्या कडेला तिला पिवळी कात्रणं दिसली. वाकून तिनं एक उचललं, बोटांत चोळलं. तेच कापड. कात्रणांच्या मागानं ती एका निळ्या पत्र्याच्या दारापर्यंत गेली.

आत पंखे होते. चाळीसेक मशिनी दोन रांगांत घरघरत होत्या. दाराजवळच्या लांब टेबलावर एक चष्मेवाली मुलगी झबली उलटसुलट करून बघत होती. गळ्यात कार्ड, त्यावर नाव: तेजस्विनी.

"काय पाहिजे मावशी?"

सरूनं पदराची गाठ सोडली आणि सुईचं अर्धुक टेबलावर ठेवलं. "ह्याचं टोक तुमच्या मालात हाय."

तेजस्विनीनं ते पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "कधी?"

"मंगळवारी. दोपारी."

"पिवळा लॉट? तो तर इस्त्री होऊन पॅक व्हायला लागलाय. आज दुपारी गाडी जाणार." ती खुर्चीवरून उठलीच. "मावशी, सहाशे पीस आहेत त्यात."

"फुडं मिशन हाय म्हनं."

"आहे. दहातल्या एका खोक्यावर फिरवतात."

शेडच्या मालकांना, निरंजनशेठना, बोलावलं. चाळिशीचा, थकल्या डोळ्यांचा माणूस. त्यांनी आधी तेजस्विनीकडे पाहिलं, मग सरूकडे, मग बाहेर कुणी पाहत नाही ना ते पाहिलं.

"हिला इथला पत्ता कुणी दिला?"

"कुणी न्हाई. हुडकत आले."

"बाई, सहाशे पीस उघडून बघायला माझ्याकडे माणसं नाहीत. गाडी चुकली तर पुढचं काम जातं. घरी जा. सापडेल पुढं."

"सहाशे नगं. ऐंशीच बघायचे. माझे मी वळखते."

शेठ हसले. "सगळी झबली सारखीच आहेत."

"झबली सारखी हायत. हात सारखा न्हाई."

तेजस्विनी शेठना म्हणाली, "सर, पॅकिंग स्लिपवर सही माझी जाते. मला कळलंय आता. मी नाही करणार सही." तिनं स्लिपांचा गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला. शेठ तिच्याकडे बघतच राहिले. मग मोबाईल काढून ते गाडीवाल्याला दोन तास थांबायला सांगू लागले.

खोकी उघडली. सरू खाली बसली आणि एकेक झबलं पाठीकडून उचलून बटण फक्त उलटं करून बघू लागली. सरू बटणाखाली दोऱ्याचे तीन वेढे घालायची, म्हणजे बटण ताठ राहतं. रुक्मिणी दोनच घालायची आणि गाठ बाहेर सोडायची. टोकाच्या खोलीतली नवी पोरगी वेढे घालतच नसे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टेम्पोत गठ्ठे टाकताना सहा वर्षांत नजरेला पडत गेलं होतं. हात भराभर चालत होते. हे न्हवं, हे न्हवं, हे माझं. तेजस्विनी मोजत होती. पाऊण तासानं एकोणऐंशी झाली आणि शेवटचं इस्त्रीच्या टेबलाखाली सापडलं.

मशिनीवरच्या दोघीतिघी माना वळवून बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी हिची बटणं रोज पाहिली होती, हिला आजच पाहत होत्या.

मग तपासणी. तेजस्विनीनं नालेसारखं मोठं चुंबक आणलं. सरूनं चुंबकावर भरवसा ठेवला नाही. बो अंगठ्यात आणि बोटात धरून ती चिरडून बघत होती. टोचलं तर आपल्याला टोचेल, हाच हिशेब. बावन्नाव्या झबल्याला तिच्या बोटाला कळ आली. तिनं हात मागं घेतला नाही. फितीच्या आतल्या घडीत टोक आडवं शिरलं होतं, वरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. दोऱ्याचा टाका कापून तिनं ते नखानं ओढून काढलं. बोटावर रक्ताचा थेंब आला. तो झबल्याला लागू नये म्हणून तिनं बोट तोंडात घातलं. आणि मग एकाएकी तिला रडू फुटलं. कुठल्या गावचं, कुणाचं पोर ते अंगात घालणार होतं देव जाणे, पण त्याची मान वाचली होती.

"बरं झालं बाई," शेठ म्हणाले. त्यांनाही सुटल्यासारखं वाटलं होतं. "तेजस्विनी, रजिस्टरमध्ये घे आणि गाडी सोड."

त्या शेडमध्ये मोडलेल्या सुयांचं एक रजिस्टर होतं. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे जुळवून चिकटपट्टीनं पानावर लावायचे, पुढे तारीख, नाव, सही. तुकडे पुरे भरल्याशिवाय माल हलायचा नाही. पानांना छापील नंबर होते. एकही पान फाडता येत नसे. तेजस्विनीनं रजिस्टर उघडलं.

"नाव काय टाकू, सर?"

"विजयश्री टाक. लाईन दोन."

दुसऱ्या रांगेतल्या विजयश्रीनं मशीन थांबवलं. "माझं का? मी नाही मोडली! महिन्यात तीन झाल्या की पगार कापता तुम्ही."

"कापणार नाही गं. फक्त नाव लावायचंय."

"मग तुमचं लावा."

मशिनींवर खसखस पिकली. शेठ चिडले. "दे बाई तुकडे इकडं. काय लिहायचं ते आम्ही बघतो."

सरूच्या उजव्या हातात टोक होतं आणि डाव्या हातात अर्धुक. ती तुकडे देणारच होती. काम झालं होतं, आता घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या. पण विजयश्रीचं नाव ऐकलं आणि तिचे हात आपोआप मिटले.

"मोडली मी. हुडकली मी. नाव त्या बाईचं कसं?"

"कारण तू इथं नाहीस." शेठ खाली वाकून हळू बोलले, समजुतीनं. "कागदावर आमचं एकही काम घरी होत नाही. तुझं नाव लिहिलं तर उद्या तपासायला आलेला माणूस विचारेल, ही कोण? कुठल्या लाईनीवर? काय सांगू मी? मला काय हौस आहे का तुम्हाला बाहेर ठेवायची? झबल्यामागं वरचा माणूस दरवर्षी भाव पाडतो. तुम्हा सगळ्यांना आत घेतलं, तर हे शेड महिनाभर चालणार नाही."

माणूस खोटं बोलत नव्हता, हे सरूला कळत होतं. आणि तरीही तिच्या अंगाची आग होत होती. गुन्हा आपला होता म्हणून आपण उन्हातान्हात चालत आलो, तो आपण आपल्या तोंडानं कबूल केला. आणि आता तो गुन्हासुद्धा आपल्या नावावर ठेवायला हे तयार नाहीत. चांगलं केलेलं कधी आपलं म्हणून कुणी लिहिलं नाही, निदान मोडलेलं तरी लिहा.

"नाव लिवा," ती म्हणाली.

"लिहिलं तर तुझं काम बंद होईल. कळतंय का तुला?"

सरूला भाडं आठवलं, वर्षालीची पुस्तकं आठवली, सासूचा दुसरा डोळा आठवला. तिला भीती वाटली. पण मुठी उघडल्या नाहीत.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला. शेठनी कपाळावर हात मारला आणि तोंड फिरवलं.

"नाव सांगा मावशी," तेजस्विनी पेन उघडत म्हणाली. सगळं, खुलासेवार सांगा, असंही म्हणाली. सरूनं सांगितलं. सरस्वती रोहिदास, आडनाव, गल्ली. 'लाईन' असं लिहिलेल्या चौकटीपाशी तेजस्विनी अडली. तिनं क्षणभर विचार केला आणि 'घर' असं लिहिलं. दोन्ही तुकडे पानावर एकमेकांना भिडवून पट्टी लावली. सरूनं खाली सही केली. पेन धरताना टोचलेलं बोट ठणकलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. शुक्रवारी टेम्पो आला नाही. सोमवारी आला नाही. नळावर सरू गेली की बोलणं थांबायचं. रुक्मिणीनं मात्र तोंडावर सांगितलं.

"तुला पुन्य लागलं, आन आमाला उपास."

रुक्मिणीच्या लेकीच्या बाळंतपणाचा खर्च त्याच कामावर निघायचा होता. रोहिदास एक दिवस जेवताना एवढंच म्हणाला, "दोरी वडलीस तू." त्यात दोष किती आणि कौतुक किती, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सोळाव्या दिवशी टेम्पो वाजला; शेडमध्ये बटणांचं काम उरकेना, म्हणून मालकानं पुन्हा माल धाडला होता. गल्लीतल्या सगळ्या बायका दारात आल्या. सुमनताईंसमोर गठ्ठे होते आणि बरोबर सुयांची पाकिटं. आता सुया मालकाकडून मिळणार होत्या. प्रत्येकीला पाच, मोजून. मोडली तर दोन्ही तुकडे परत द्यायचे. त्यासाठी कुणाला सुया दिल्या, त्याची यादी शेडमध्ये ठेवायची होती, नाव आणि सहीसकट. चष्मेवालीनं हट्टच धरला होता म्हणे, यादीशिवाय ती सुई बाहेर सोडेना.

सुमनताईंना लिहायचा कंटाळा. त्यांनी हाक मारली, "सरू, ये बाई. तुझं अक्षर बरं हाय." आणि ती जवळ आल्यावर खालच्या आवाजात, "तुझं मातुर न्हाई लिवायचं. मालकानं निक्षून सांगितलंय. माझा इलाज न्हाई."

"बरं," सरू म्हणाली.

ती उंबऱ्यावर बसली आणि कागद मांडीवर घेतला. एकेक बाई पुढे येऊन नाव सांगू लागली. माहेरचं लिहू का सासरचं, नवऱ्यानं टाकलीय तर त्याचं लावायचं का, आधारकार्डावर चुकलंय तसंच का, असे शंभर प्रश्न. रुक्मिणीनं आपलं नाव सांगितलं आणि ते लिहून होईपर्यंत ती कागदाकडे टक लावून बघत राहिली. जाताना तिनं सरूच्या खांद्याला हात लावला. सतरा नावं झाली. सरूनं ती नीट, मोठ्या अक्षरांत लिहिली, उद्या कुणाला नाही म्हणता येऊ नये म्हणून. आपलं नाव त्यांत नाही, हे तिला खुपत होतं आणि तरी आत कुठंतरी बरंही वाटत होतं.

"झाली," ती म्हणाली आणि कागद पुढे केला.

"कुठं झाली?" मागून भिमाबाई भिंतीला धरत पुढे आली. "माझं लिव."

सुमनताई चमकल्या. "म्हातारे, तुला दिसतंय का धड?"

"डोळ्यांनी न्हाई. बोटांनी दिसतंय. सहा वरसं ह्या घरातलं धागं कोन कापतंय? सुमनबाई, एकदा तरी कापड फाटलं म्हून आलं का माझं? मालकानं सरूचं लिवू नगं म्हनलंय. माझं नगं म्हनलंय का?"

"तसं न्हाई म्हनला..."

"मंग?"

"आन बटणं कोन लावणार?"

"सून हाय की घरात. ती करल मला मदत."

दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. सुमनताईंनी एकदा सासूकडे, एकदा सुनेकडे पाहिलं. हे काय चाललंय, ते त्यांना समजत होतं. पण सतराव्या गठ्ठ्याशेजारी एक गठ्ठा उरला होता आणि तो परत न्यायचा म्हणजे पुन्हा टेम्पो थांबवा. त्यांनी हात उडवला. "लिव बाई."

सरूचं पेन थांबलं होतं. शेडमध्ये विजयश्रीचं नाव आपण लावू दिलं नाही, आणि आता आपल्या कामावर दुसरं नाव आपल्याच हातानं लिहायचं? मग तिनं म्हातारीच्या बोटांकडे पाहिलं. कात्रीच्या कड्यानं अंगठ्याला काळा घट्टा पडला होता. हे नाव खोटं नव्हतं. उलट सहा वर्षं ते लिहायचंच राहिलं होतं, आणि त्याची आठवण तिला स्वतःलाही कधी झाली नव्हती. याची तिला लाज वाटली. तिनं अठरावा आकडा घातला आणि सासूचं पुरं नाव लिहिलं.

शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून भिमाबाईनं तो कागदावर उठवला. पाकीट हातात घेऊन तिनं चाचपून सुया मोजल्या. पाच भरल्या. मग तिनं ते सुनेच्या हातात दिलं.

"धर," ती म्हणाली. "आन वाकली की टाकून दे. ठोकत बसू नगं. मोडली तर नाव माझं लागंल."